थोडी चक्कर

"ताई, एक विचारू? जेवायच्या आधी तुम्हाला चक्कर येते का?"

उकडलेल्या अंड्याचं टरफल सोलता सोलता मिलीग्रामने विचारलं, तेही वर न बघता, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, येते थोडी."

"वाटलंच मला. डबा उघडला की मान खाली घालून डोळे मिटता ना, म्हणून म्हटलं." त्याने टरफलं कागदावर गोळा केली, अंड्याचे दोन तुकडे केले, आणि मग दुपारभर त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. तो तसाच होता. वजनं-काटे तपासण्याच्या त्या कचेरीत त्याला सगळे मिलीग्राम म्हणत, अंगानं किरकोळ म्हणून आणि बोलणंही मोजकंच म्हणून. ती मात्र त्याला भाऊ म्हणायची. अकरा वर्षं दोघं एकाच टेबलावर जेवत होते. अकरा वर्षं ती डबा उघडल्यावर डोळे मिटून मनातल्या मनात देवाचे आभार मानत होती, आणि आज पहिल्यांदा कुणी त्याबद्दल विचारलं होतं, तर तिने त्याला चक्कर म्हटलं होतं. दुपारी काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर चिमट्याने एकेक चिमुकलं वजन ठेवताना, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास आवरून थांबताना, ती पुन्हा पुन्हा त्या 'हो'कडे वळत होती. तिला अजून लाज वाटत नव्हती, हेच नवल होतं. नुसतं कुतूहल वाटत होतं, आपल्याच पर्समध्ये कुणा दुसऱ्याची किल्ली सापडावी तसं. हे आलं कुठून? भीती वाटावी असा तो माणूसच नव्हता. हसेल असाही नव्हता. 'प्रार्थना करते' एवढे दोन शब्द. 'येते थोडी' हेसुद्धा दोनच. वजनाला सारखेच.

घरी जाताना बसच्या खिडकीशी बसल्यावर तिला वडील आठवले. ते पोस्टात पत्रं वेगळी करायचे, आणि दर शनिवारी दुपारी इस्त्रीचा सदरा घालून बसस्टँडवर येशूच्या सुवार्तेची पत्रकं वाटायला उभे राहायचे. ती नऊ-दहा वर्षांची असेल. तिला बरोबर नेत. लोक पत्रक घेत, दहा पावलं चालत आणि टाकून देत. वडील मागे वळून कधी बघत नसत, पण ती बघायची. टाकलेली पत्रकं ती वेचून आणायची, मांडीवर ठेवून सरळ करायची आणि गठ्ठ्याच्या तळाशी घालायची. वडील तीच पुन्हा वाटायचे. त्यांना ते ठाऊक होतं की नव्हतं, हे तिला कधीच कळलं नाही. एकदा तिच्या वर्गातल्या तीन मुली समोरून आल्या. वडिलांनी त्यांनाही वाकून, अदबीनं, मोठ्या बाईंना द्यावं तसं पत्रक दिलं. मुलींनी त्याची विमानं केली. एक विमान तिच्या पायाशी येऊन पडलं तेव्हा त्या हसल्या, आणि त्यांच्याबरोबर तीही हसली. वडिलांनी ते पाहिलं. आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. त्या दिवशी परत जाताना त्यांनी तिचा हात नेहमीसारखाच धरला होता, आणि ते तिला आजही समजलेलं नाही. हात सोडला असता तर बरं झालं असतं. मोठेपणी तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं: आपण कुणाच्या हातात काही कोंबायचं नाही. नीट वागायचं, खोटं बोलायचं नाही, वजन अचूक सांगायचं. ज्याला दिसायचं त्याला दिसेल. आणि अकरा वर्षांनी एकाला दिसलं होतं. त्याला दिसली ती चक्कर.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा शेडमधल्या मोठ्या काट्यावर वीस किलोची बाराही वजनं चढलेली होती. एरवी हे काम ती दोघं मिळून करत. एक त्याने, एक तिने, ओतीव लोखंडाची ती धुडं कडी धरून उचलायची, काट्याच्या एका कोपऱ्यावर रचायची, आकडा लिहायचा, मग दुसऱ्या कोपऱ्यावर. मिलीग्राम कमरेला रुंद पट्टा बांधून उभा होता आणि पाठीमागे हात लावून सावकाश सरळ होत होता.

"अहो भाऊ, हे काय? तुमच्या पाठीला डॉक्टरांनी..."

"वाकलं की चक्कर वाढते. तुम्ही आकडे लिहा." तिच्यासाठी त्याने एक स्टूलही आणून ठेवलं होतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. ती स्टुलावर बसली. तो दुसऱ्या कोपऱ्याकडे एकेक वजन नेत होता आणि प्रत्येक खेपेला त्याच्या घशातून एक बारीकसा आवाज येत होता, तो आवाज तिला ऐकू येऊ नये म्हणून तो मुद्दाम खोकत होता. ती आकडे लिहीत होती. आकडे बरोबर होते. सोमवारी जे नुसतं नवल वाटलं होतं त्याला आता कळ लागली होती. जेवताना तिने डोळे मिटले नाहीत. प्रार्थना न करता पहिला घास घेतला, आणि त्याने समाधानानं मान हलवली. "आज बरं वाटतंय वाटतं," तो म्हणाला.

बुधवारी संध्याकाळी संगती, म्हणजे प्रार्थनेची बैठक, असायची, तिच्या मोठ्या नणंदेच्या घरी. नणंद तीस वर्षं परिचारिका होती, निवृत्त झाली तरी घरचे-दारचे सगळे तिला सिस्टरच म्हणत. आठ-दहा माणसं गोल खुर्च्या मांडून बसत. वाचन होई, गाणं होई, मग आठवडाभरात कुणी कुणाजवळ विश्वासाची साक्ष दिली ते एकेक जण सांगे. ती खोली तिला मनापासून आवडायची. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या सुनेशी पटत नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक. एकानं वाक्य सुरू करावं, दुसऱ्यानं पुरं करावं. दमून आलेल्या माणसाला इथे स्वतःची ओळख करून द्यावी लागत नसे. त्या दिवशी त्यांच्यातल्या एका प्लंबरने सांगितलं, एका घरी गळका नळ काढताना घरमालकाला खालून पाइप दाबून धरायला लावला होता, आणि तेवढ्या वेळात त्याला तारणाची सगळी गोष्ट सांगून टाकली.

"तो गप्प ऐकत होता?" कुणीतरी विचारलं.

"न ऐकून सांगतो कुणाला? पाइप सोडला असता तर घरात तळं झालं असतं." सगळे पोट धरून हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिच्या मनात त्या घरमालकाचा विचार आला. ओट्याखाली वाकलेला, दोन्ही हात अडकलेले. त्याला काय वाटलं असेल, हे इथे कुणीच विचारलं नाही. तिनेही आजवर असं काही कधी विचारलं नव्हतं.

"तुझं काय?" सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. दर बुधवारी ती मान हलवायची आणि पाळी पुढे जायची. आज ती म्हणाली, "मला एकाने विचारलं. प्रार्थनेबद्दल. आपणहून."

खोलीत एकदम आनंद पसरला. आपणहून! प्लंबरने मांडीवर थाप मारली. "मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं नाही काही."

"घाबरलीस. होतं गं असं," सिस्टर मऊ आवाजात म्हणाली, "पेरणी झालीय म्हणायची. त्याला इकडे घेऊन ये. बाकीचं आम्ही बघतो." तिने कपाटातून सहा पत्रकं काढून तिच्या पर्समध्ये सरकवलीसुद्धा. मग त्या बाहेरच्या बंधूसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली. त्याला प्रकाश दिसो, त्याचं अंतःकरण उघडो. त्याच्या पाठीसाठी कुणी प्रार्थना केली नाही, कारण पाठीचं तिने सांगितलंच नव्हतं. पाठीचं सांगायचं तर चक्कर सांगावी लागली असती. प्रार्थना संपल्यावर सगळे आमेन म्हणाले. तिच्या ओठांवर ते आलं, पण आवाज फुटला नाही.

घरी चालत जाताना नवरा म्हणाला, "तू काहीतरी गाळलंस मघाशी." त्याला असं कळायचं. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग थांबला, रस्त्याकडेचं रेलिंग धरलं आणि इतका हसला की जाणारे-येणारे बघायला लागले. "चक्कर! अगं, तुझ्या बापानं अर्धं आयुष्य स्टँडवर उभं राहून घालवलं, आणि त्यांची लेक..." मग तिचा चेहरा बघून तो आवरला. "सिस्टरला एवढ्यात सांगू नकोस. पण त्याला सांग. उद्याच सांग." थोडं चालल्यावर म्हणाला, "तो काय करतो डबा उघडल्यावर?"

"म्हणजे?"

"तू डोळे मिटतेस तेव्हा. तो जेवायला लागतो का थांबतो?"

तिला माहीत नव्हतं. अकरा वर्षं रोज तेवढा वेळ तिचे डोळे मिटलेले होते.

गुरुवारी सकाळी सांगायचंच असं ठरवून ती गेली, तर मिलीग्रामने तिच्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा पत्ता, शुक्रवार, सकाळी अकरा. "चक्कर पुष्कळदा कानातून असते. मीही येतो. साहेबांना सांगितलंय."

"भाऊ, एवढं काही नाही हो..."

"असंच म्हणाली होती ती," तो म्हणाला, आणि मग, अकरा वर्षांत प्रथमच, एका दमात पाच-सहा वाक्यं बोलला. त्याची बायको एका दुपारी ओट्याला धरून उभी होती. म्हणाली, चक्कर येतेय. तो पेपर वाचत होता. बस जरा, म्हणाला, पान उलटलं. ती बसली. पुन्हा महिनाभर काही बोलली नाही. मग एक दिवस पडली ती उठलीच नाही, डोक्यात गाठ निघाली. "वेळेवर कळतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण नसतं करता आलं, असंही म्हणाले नाहीत." एवढं सांगून त्याने हातमोजे चढवले आणि काचेच्या पेटीपाशी जाऊन बसला.

बायको गेली त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हा सगळी कचेरी त्याच्या घरी जाऊन आली होती. तीही गेली होती, इतरांच्या मागे उभी राहिली होती, 'देव तुम्हाला बळ देवो' असं काहीतरी म्हणाली होती, आणि चहा घेऊन परतली होती. कशानं गेल्या हे तिने विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्याला त्रास होईल म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं असावं. आता ती चिठ्ठी हातात धरून बसली होती आणि तिला वाटत होतं, हे आपलं न विचारणं आणि ते आपलं न सांगणं, हे दोन निरनिराळे गुण म्हणून आपण जपले, सौजन्य आणि नम्रता, पण एकाच दाराच्या ह्या दोन कड्या तर नव्हेत? बुधवारची खोली इतकी उबदार असते ती दार लावलेलं असतं म्हणूनही. आज सांगणं तर अशक्यच झालं. बायको अशी गेलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं म्हणायचं, तुमची काळजी फुकट गेली?

दवाखान्यात शुक्रवारी गर्दी होती. समोरच्या भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं, आतल्या गोगलगायीसारख्या नळीसकट. त्यांचा नंबर नववा होता, आत पाचवा गेला होता. मिलीग्राम ताठ बसला होता, मांडीवर एक वही. त्यात त्याने डॉक्टरांना दाखवायला तारखा लिहिल्या होत्या. सहावा आत गेला. ती म्हणाली, "भाऊ, मला चक्कर येत नाही."

"आत्ता येत नसेल. डॉक्टरांना सांगा, कधी येते, कधी नाही."

"कधीच येत नाही. कधी आलीच नव्हती. मी खोटं बोलले."

त्याने वही मिटली. "मग डोळे?"

"प्रार्थना करते जेवणाआधी. मी ख्रिस्ती आहे ना."

"ते माहितीये. रविवारी तुम्ही कधी जादा कामाला येत नाही." तो वहीकडे बघत म्हणाला, "म्हणजे मंगळवारी मी ती सगळी वजनं उगीच उचलली."

"हो."

तो उठला. कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे गेला, पेलाभर पाणी प्यायला, पेला विसळून जागेवर ठेवला, परत आला आणि एक खुर्ची सोडून बसला. त्या मधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती बसून राहिली. सातवा नंबर पुकारला गेला. उठून जावं असं तिला वाटलं, पण तिचा हात धरून चालणाऱ्या वडिलांपासून ती एकदा मनानं पळाली होती, आणि त्यानं काही सुटलं नव्हतं. ती बसून राहिली.

"मी हसेन असं वाटलं?" त्याने समोर बघतच विचारलं.

"नाही. तुम्ही पुढे आणखी काही विचाराल असं वाटलं. आणि मला सांगता येणार नाही." मग तिने त्याला वडिलांचं सांगितलं. बसस्टँड, इस्त्रीचा सदरा, विमानं. आपण हसलो तेही. हे तिने नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, बुधवारी तर कधीच नाही. "आणि आता माझ्याच पर्समध्ये सहा पत्रकं आहेत. तुमच्यासाठी दिलीत."

"बघू."

तिने एक दिलं. त्याने चष्मा लावला आणि दोन्ही बाजू, तळाचा छापखान्याचा पत्ता धरून, वाचून काढल्या. "तिसऱ्या ओळीत एक काना जास्त पडलाय," तो म्हणाला. मग घडी घालून परत दिलं. "हे कुणीही कुणालाही देईल. यात तुम्ही कुठे आहात? तुम्ही रोज काय म्हणता ते सांगा."

तिने सांगितलं. हळू आवाजात, आजूबाजूला माणसं खोकत असताना, उघड्या डोळ्यांनी. "प्रभू, हे अन्न दिलंस, तुझे आभार. ज्यांना मिळालं नाही त्यांना दे. लेकीला सांभाळ. आमेन." मोठ्यानं ऐकल्यावर ते किती थोडं आणि किती साधं होतं, याचं तिला नवल वाटलं. यात कुणाला पटवण्यासारखं काही नव्हतं.

"लेकीचं कधीपासून?"

"तीन महिने. ती नोकरीला दुसऱ्या गावी गेली तेव्हापासून."

"बरोबर," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काट्याचा आकडा जुळल्यावर येतो तसा भाव आला. "आधी पाच सेकंद लागायचे. तीन महिन्यांपासून आठ-नऊ लागतात. वाढत चाललंय असं वाटलं, म्हणून तर विचारलं." म्हणजे तो थांबत होता. रोज. अंडं हातात धरून.

"मी तसलं काही मानत नाही," तो म्हणाला.

"मला माहीत नव्हतं. कधी विचारलं नाही मी."

"याने होतं काय पण?"

बुधवारी या प्रश्नाची चार चांगली उत्तरं तिने कितीदा ऐकली होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण ती उत्तरं दुसऱ्यांची होती. "नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली. "मंगळवारी केली नाही तर दिवसभर एकटं वाटलं. कुणीतरी देतंय आणि आपण बघितलंही नाही, असं. मी त्याच्यावर विश्वास ठेवते, भाऊ. खोटं बोलले तरी ठेवते. एवढंच मला माहीत आहे."

आठवा नंबर आत गेला. तो वहीच्या कडेवरून बोट फिरवत होता. "ती गेली तेव्हा," तो म्हणाला, "तेव्हा तुमच्या त्या प्रार्थनेत तिचं, माझं, होतं का काही?"

हो म्हणणं किती सोपं होतं. सोमवारच्या 'हो'पेक्षाही सोपं, आणि किती गोड. "पहिले काही दिवस असेल," ती म्हणाली. "मग सुटलं. नंतर आठवण राहिली नाही."

"सुटतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझंही सुटतं कधीकधी. दिवस जातो आणि संध्याकाळी लक्षात येतं, आज आठवलीच नाही." आणि तो उठून मधल्या खुर्चीवर येऊन बसला.

नववा नंबर पुकारल्यावर दोघंही एकदम गोंधळले. मग तोच म्हणाला, "आलोच आहोत तर मी दाखवून घेतो. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. दोन वर्षं टाळतोय." ती त्याच्याबरोबर आत गेली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" ती म्हणाली, "सोबत आलेय." त्याला एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. ती काचेतून बघत होती. त्याचं बोट वर जाई, खाली येई. मग पुष्कळ वेळ ते वर गेलंच नाही, आणि तो मात्र मन लावून ऐकत होता, नसलेलं ऐकावं तसं. तिच्या मनात त्याच्यासाठी काहीतरी हललं, त्याला शब्द नव्हते, आणि त्याला प्रार्थना म्हणायचं की नाही हे ठरवायची तिला गरज वाटली नाही.

पुढच्या बुधवारी तिची पाळी आली तेव्हा तिने सगळं सांगितलं. चक्कर, वजनं, पट्टा, पत्रक, सगळं. कुणाला हसावं की नाही कळेना. प्लंबर सतरंजीकडे बघत राहिला. नवऱ्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"खोटं बोललीस," सिस्टर म्हणाली, "आणि वर आठ दिवस आम्हालाही पत्ता लागू दिला नाहीस."

"हो."

"इथे कुणाची भीती वाटली तुला?"

"भीती नाही. तुम्ही सगळे इतके खूश झाला होतात." सिस्टर चष्मा काढून पदराने पुसत राहिली, पुसून झाला तरी पुसत राहिली. सहाही पत्रकं परत द्यावीत म्हणून ती पर्स उघडत होती, तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "त्याच्या कानाचं काय निघालं?"

"डावा बराच गेलाय. यंत्र लावायला सांगितलंय. पुढच्या आठवड्यात मिळेल."

"काढून ठेवील तो. सगळे तेच करतात. पहिले पंधरा दिवस भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जातो. त्याला म्हणावं, रोज थोडा थोडा वेळ लाव, पण लाव." तीस वर्षांची परिचारिका आता पुढे सरकून बसली होती. त्याला इकडे आण, असं ती म्हणाली नाही. दुसरंही कुणी म्हणालं नाही. "जेवताना तू कुठे बसतेस त्याच्या?"

"समोर."

"समोरच बस. हळू बोल, ओरडायचं नाही. आणि खाली मान घालून पुटपुटत जाऊ नकोस. तुझे ओठ दिसायला हवेत त्याला."